चांगला वर, वाईट खाली

सोमवार, ४ नोव्हेंबर

दुखणं कधी वाढतं ते रोज लिहून ठेवा, असं कोनमापी म्हणाली. लिहिते. धाकटी समोर आली की वाढतं.

कोनमापी म्हणजे ती फिजिओथेरपीवाली मुलगी. तिच्याकडे कंपासपेटीतल्या कोनमापकाचं एक लांब हातापायांचं भावंड आहे. ते ती माझ्या उजव्या खांद्याला लावते, "काकू, हात वर करा" म्हणते, मी जेवढा होतो तेवढा करते, आणि ती "हं" म्हणते. बरं कधी होणार विचारलं तर म्हणाली, सावकाश होईल, वर्षही लागेल. इतकी लांबची मुदत मी गिऱ्हाइकाला दिली असती तर त्याने कापड परत मागितलं असतं.

तिच्या आधी हाडांच्या डॉक्टरांनी समजावलं होतं. खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवी असते, ती जाड होते आणि आकसते. साखर असलेल्यांना जास्त होतं. गोठलेला खांदा म्हणतात. मी विचारलं, "धुतल्यावर कापड आटतं तसं?" डॉक्टर खूश झाले. "अगदी तसंच!" म्हणजे जन्मभर लोकांना सांगत आले की आधी कापड भिजवून घ्या, मग शिवायला टाका, आणि माझंच अस्तर न भिजवता शिवलेलं निघालं.

हात कानापर्यंत जात नाही. पाठीमागे तर मुळीच नाही. ब्लाउजचे हूक ह्यांना लावावे लागतात. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे काम नशिबी आलं, तर हे आधी चष्मा शोधायला जातात.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. पडद्यांचं दुकान आम्हा दोघींचं आहे. खाली गिऱ्हाईक, वर शिवणखोली, मधे अरुंद जिना. कापणं आणि शिवणं तिचं. माप घेणं आणि शिडीवर चढून पडदे लावणं माझं. तिला मी सांगितलंय की दाताच्या दवाखान्यात जाते. खांद्याचं सांगण्याइतकी मी भोळी नाही. शिडी सुटली की दुकानात माझं काय उरलं? गल्ल्यावर बसायला तसबीरही चालते.

बुधवार, ६ नोव्हेंबर

हाडासांध्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. जो धडधाकट वर येईल त्यालाही पेशंट करूनच खाली पाठवायची योजना दिसते.

आजचे व्यायाम. एक, टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा हात घड्याळाच्या लंबकासारखा सैल हलवायचा. दोन, भिंतीला बोटं लावून मुंगीसारखी वर चढवत न्यायची. तीन, पाठीमागे टॉवेल धरून अंग पुसल्यासारखं करायचं. त्याआधी शेक. दुखेल थोडं, चालेल, पण बोंब मारावीशी वाटली की थांबायचं. मी म्हटलं, "मला तर तुमचा जिना चढतानाच वाटते."

ती हसली आणि म्हणाली, "आणखी एक लक्षात ठेवा. वस्तू खांद्याच्या वर असेल तर हात उंच करायचा नाही, आपणच उंच व्हायचं."

"ह्या वयात?"

"स्टूल घ्या, काकू."

इतकी विद्या शिकून शेवटी स्टूल.

निघताना जिन्यात चपलेचा पट्टा सरळ करायला थांबले, तर वरून डोकावून म्हणते, "काकू, गेलात ना?" मी जावं अशी घाई कुणाला आणि का?

सोमवार, ११ नोव्हेंबर

शिवणखोलीत टेबल आलं आहे. कंबरेएवढं उंच, लांबलचक, दोन माणसं झोपतील असं. दुकान उघडल्यापासून आम्ही जमिनीवर सतरंजी टाकून कापड बेततो. धाकटी त्यावर मांडी घालून बसते आणि कात्री चालवते, ती कात्री थांबत नाही. आता मला न विचारता टेबल.

"हे कशाला?"

"सोयीचं पडतं, ताई."

"कुणाच्या?"

"कापडाच्या," म्हणाली. "जमिनीवर मळतं ना."

इतकी वर्षं मळलं नाही ते.

मशीनलाही मोटर बसवली. पायाने चालवायचं मशीन आता बटणावर चालतं. एकटीने दुकान ओढायचं असलं की माणूस असंच करतं, पायाचं काम विजेवर टाकतं आणि जावेचं काम वाऱ्यावर.

शिवाय ती दर एकाआड एक दुपारी बँकेत जाते. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मी ह्यांना विचारलं, "बँकेत इतकं काय असतं?"

हे शब्दकोड्यातून डोकं वर न काढता म्हणाले, "गर्दी असते हल्ली."

"तुम्हाला काय माहीत?"

"दातांकडेही असते म्हणतात," म्हणाले, आणि उगाच हसले. ह्यांचा काही भरवसा नाही. हे कोड्यातसुद्धा दोन्ही बाजूंनी अक्षर जुळवतात.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज कानांनी ऐकलं, म्हणून आधी लिहून ठेवते, मग जेवते.

मी खाली झालरीचा तागा गुंडाळत होते. धाकटी शिवणखोलीतून उतरत होती. हल्ली तिचा उतरण्याचा थाट पाहण्यासारखा असतो. कठड्यावर हात, एकेका पायरीवर दोन्ही पावलं जोडून, जणू खाली फोटोवाला उभा आहे. पूर्वी धाडधाड यायची, तिच्या पायांनी आणि तोंडाने एकदमच कळायचं की ती आली. आज येताना ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मी कान दिला. "वाईट खाली. वाईट खाली." मग वर काही विसरलं म्हणून परत फिरली. "चांगला वर. चांगला वर."

मी अशी थंड पडले की खांद्याचं दुखणं क्षणभर विसरले. दुकानाची पाटी रंगवायला काढायची आहे हे तिनेच गेल्या आठवड्यात सुचवलं होतं. पाटीवर दोघींची नावं आहेत, माझं वर, तिचं खाली. थोरली म्हणून. आता चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं हे मला कुणी शिकवायला नको.

विचारलं, "काय पाठ करतेस?"

दचकली. "काही नाही ताई. गाणं."

"चाल कळली नाही."

"नवीन आहे," म्हणाली. मग लगेच, "तुमचा दात कसा आहे?"

मी गाल धरला. उजवा की डावा सांगितला होता ते आठवेना, म्हणून दोन्ही धरले.

सोमवार, १८ नोव्हेंबर

ग्रंथालयाच्या सभागृहाचं काम आलं. खिडक्या इतक्या उंच की साफ करायलाही कुणी जात नसावं, काचांवरून तसं दिसतंय. डिसेंबरच्या मध्यात तिथे कार्यक्रम आहे, त्याआधी पडदे लागले पाहिजेत. ग्रंथपालबाईंनी बजावलं आहे, ह्या वेळी नीट झालं तर पुढे वाचनकक्षाचेही पडदे आमचेच, नाहीतर पुन्हा विचारायला येणार नाहीत.

त्या गेल्या. दोघीही शिडीकडे बघत होतो आणि दोघीही बघत नसल्यासारखं करत होतो.

"ह्या वेळी तू चढून बघ," मी म्हटलं. "शिकून ठेवावं माणसाने."

"मी? छे हो ताई. तुमच्यासारखं कुणाला जमतंय? चुण्या एकसारख्या पडायला तुमचाच हात लागतो."

"स्तुती करू नकोस. चढ."

"मला भोवळ येते उंचावर."

"कधीपासून?"

"तुमचा दात दुखायला लागला तेव्हापासून," म्हणाली आणि स्वतःच हसली.

धाकटीचं हसू पूर्वी मला आवडायचं. लग्न होऊन आली तेव्हा पहिलाच पडदा तिने उलटा शिवला होता, सगळी फुलं डोकं खाली करून लोंबत होती. मी म्हटलं होतं, "हिची अक्कल गुडघ्यात आहे." सगळं घर खो खो हसलं, तीही हसली. तेव्हापासून ते वाक्य घरातच राहायला आलं. तिने दुधाचं पातेलं करपवलं, गुडघा. किल्ली विसरली, गुडघा. परवाही मी म्हटलं, "मोटर बसवलीस, आता गुडघ्याला आराम, म्हणजे अकलेलाही." एरवी उलट उत्तर देते. परवा मात्र खुर्चीत नुसती सरकून बसली. मनात काळंबेरं असलं की विनोद लागतो म्हणतात.

तिचं म्हणणं कळलं मला. शिडी मीच चढायची. चढले नाही की काम बुडणार, बोट माझ्याकडे वळणार, पाटी रंगणार. आणि मी साधे हातही वर करू शकत नाही. आमच्याकडे जबाबदारी झटकायची झाली तरी हात वर करावे लागतात.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सापडली.

दवाखान्यात नवे पडदे लागले आहेत. तिथल्या खाटांच्या मधे पूर्वी कळकट फडकी होती. आज बघते तर निळसर, जाड, अस्तर लावलेले. मी शेक घेत पडले होते आणि डोळ्यांसमोर खालची दुमड होती. कोपऱ्यावर कापड आत वळवून घेतलेला तो तिरका टाका सबंध गावात एकच बाई घालते. मीच तिला शिकवला होता.

"पडदे कुणाकडून घेतले?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

कोनमापीच्या हातातला कोनमापक माझ्या खांद्यावरून सरकला. "एका ओळखीच्यांनी दिले."

"ओळखीच्यांनी की ओळखीच्या बाईने?"

"काकू, खांदा सैल सोडा."

माझ्या दुकानातलं कापड, माझ्या दुकानातलं मशीन, आणि गिऱ्हाईक चोरून. बरं, चोरी करावी तर निगुतीने करावी. पडदे आखूड आहेत. जमिनीपासून चांगले वीतभर वर, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे पाय दिसतात. धाकटी असं कधी करत नाही. आपल्या हाताने माप घेतलं तर टेप जमिनीला टेकवल्याशिवाय आकडा सांगत नाही. घाईत केलंय. पाप घाईतच होतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, आता वेगळं व्हायचं. सोमवारी तिला बसवून सांगणार. मशीन तिचं, शिडी माझी, पाटी अर्धी अर्धी कापायची.

हे बराच वेळ चहात बिस्कीट बुडवत राहिले. बिस्कीट तुटून आत पडलं तरी बुडवत राहिले.

"भावाभावांनी काय करायचं मग?" हे म्हणाले.

"तुम्ही दोघं कोडी सोडवा."

"बरं. पण आधी खात्री करून घे. पडदे कुणी दिले ते त्या मुलीलाच विचार, निवांत. उद्या जा. शनिवारी."

"शनिवार माझा वार नाही."

"म्हणूनच," म्हणाले, आणि तुटलेलं बिस्कीट काढायला चमचा आणायला उठले.

शनिवार, २३ नोव्हेंबर

गेले.

बाहेरच्या बाकावर कुणी नव्हतं. आत तिसऱ्या खाटेभोवती निळा पडदा ओढलेला. त्याच्याखाली, त्या वीतभर फटीत, एका बाईच्या चपला ठेवलेल्या. डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला आणि पडद्याच्या पिवळ्या दोरीने बांधलेला. ती दोरी मीच तिला तागा संपताना दिली होती. "ह्याने बांध, नवीन घेईपर्यंत." तिने नवीन घेतलीच नाही.

आत कोनमापी म्हणत होती, "गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी आहे ना, ती खाली दाबा. मांडीचा स्नायू आवळा. तोच तुमचा आधार आहे, सांध्यातली गादी झिजली तरी तो भार घेईल. हं. आता पाय सरळ ठेवून उचला."

धाकटीचा आवाज. "आई गं."

"पलीकडचा. जिन्याचं लक्षात आहे ना?"

"तोंडपाठ आहे. चढताना चांगला पाय वर, उतरताना वाईट पाय खाली. परवा ताईंनी ऐकलं. गाणं म्हणते म्हणून सांगितलं."

"त्यांना सांगून टाका ना एकदाचं."

"नको बाई. त्यांचा दात किती दिवस ठणकतोय. परवा दोन्ही गाल धरून बसल्या होत्या. अशात मी गुडघा घेऊन बसले तर दुकान कुणी बघायचं? काढून टाकतील नाहीतर मला, म्हणतील, आता हिचा काय उपयोग? आणि…" इथे ती हसायला लागली. "आणि म्हणतील, होती नव्हती ती अक्कलही झिजली."

कोनमापी हसली नाही.

"पडद्यांचं माफ करा हं," धाकटी म्हणाली. "खाली बसता आलं नाही. टेप जमिनीपर्यंत पोचलीच नाही, उभ्यानेच अंदाज धरला. ताई असत्या तर मला उभं जाळलं असतं."

मी बाकावरून उठले. चप्पल हातात घेतली आणि जिना उतरले. अगदी कुणाला कळू न देता उतरले.

ह्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

"कोण?"

"ती मुलगी."

"दात हलतोय म्हणाली."

ह्यांनी कोडं पुढे ओढलं. कुठलं अक्षर कुठे बसतं ते ह्यांना केव्हाचं माहीत होतं. ह्या माणसावर आता नजर ठेवायला हवी.

सोमवार, २५ नोव्हेंबर

आज तिला बसवून सांगायचं ठरलं होतं. बसवलं. स्टुलावर.

"काय झालं, ताई?"

"पाटी," मी म्हटलं.

"अहो, रंग उडालाय म्हणून म्हटलं होतं मी."

"ती आहे तशीच रंगवायची. अक्षर जाड करा म्हणावं."

"बरं," म्हणाली आणि स्टुलावरून उठताना टेबलाला धरलं. मी झालरीच्या ताग्यात काहीतरी शोधत राहिले. शोधण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग दवाखान्यात माझी वेळ होती. जाताना त्याच निळ्या कापडाची उरलेली पट्टी पिशवीत टाकली. शेक झाला, लंबक झाला, भिंतीवरची मुंगी परवापेक्षा थोडी वर गेली. मग मी तिसऱ्या खाटेपाशी जमिनीवर मांडी घातली, दुमड उसवली आणि पट्टी जोडायला घेतली. माझे गुडघे उत्तम आहेत. खाली बसून टाका घालायला खांदा लागत नाही, कोपर पुरतं.

कोनमापी येऊन उभी राहिली. "काकू, हे कशाला?"

"खालून वारा येतो."

"खिडक्या बंद आहेत."

"पायांना येतो," मी म्हटलं. "पेशंटच्या पायांना."

तिने विचारलं नाही, कुठल्या पेशंटच्या. सुईत दोरा ओवून दिला आणि जाताना इतकंच म्हणाली, "बाकीच्या दोन पडद्यांनाही लावाल का?"

मुलगी वाटते तितकी साधी नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

धाकटी दोन दिवस माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघते आहे. काल बँकेतून आली ती थेट माझ्या गल्ल्यापाशी. मी पडद्यांच्या कड्या मोजत होते.

"ताई, तुम्ही पट्टी जोडताना अजून उलटाच टाका घालता का हो?"

"कुठली पट्टी?"

"कुठलीही."

"ज्याचा त्याचा हात," मी म्हटलं. "काम कर."

तिने केलं नाही. उभी राहिली. म्हणजे उभं राहता येईल तितका वेळ उभी राहिली, मग स्टूल ओढून बसली. मी तिच्यापुढे चहा ठेवला. ठेवताना उजवा हात जरा वरून आला आणि मी ओठ चावला. तिने ते बघितलं. ओठ चावला, गाल नाही धरला, हेही बघितलं. डोळे तिचे पहिल्यापासून चांगले आहेत.

गुरुवार, १२ डिसेंबर

सभागृह. शिडी आमची नव्हे, पाटी रंगवणाऱ्या रंगारीकाकांची मागून आणलेली, आमच्यापेक्षा चांगली उंच. धाकटीच म्हणाली, मागून आणू.

"एवढी उंच कशाला?" मी विचारलं.

"वस्तू खांद्याच्या वर असेल तर हात उंच करायचा नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आपणच उंच व्हायचं. असं कुणीतरी म्हणतं."

"कोण म्हणतं?"

"बँकेतली मुलगी."

म्हणजे त्या कोनमापीने माझंही फोडलं, किंवा धाकटीने काढून घेतलं. एकूण काय, गावात पोटात काही ठेवणारं माणूस उरलेलं नाही.

मी चढले. एवढी वर गेले की दांडा छातीशी आला. हात वर करायची गरजच नाही, आपल्यासमोर दोरीवर कपडे वाळत घालावेत तशा मी एकेक कडी अडकवत गेले. खाली धाकटी, दोन्ही पाय रोवून, एका हाताने शिडी घट्ट धरलेली, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कापड वर देत. तिचा हात सरळ आभाळात जातो. मला हेवा वाटला.

ग्रंथपालबाई येऊन बघून गेल्या. वाचनकक्षाचं माप घ्यायला कधी येता विचारलं. धाकटी म्हणाली, "वरचं माप मी घेते, खालचं ताई घेतील." बाईंना वाटलं ही आमची काही खास पद्धत असावी.

शेवटची खिडकी राहिली तेव्हा खालून आवाज आला.

"ताई."

"काय?"

"तुम्ही वर, मी खाली. म्हणजे वाईट मीच ना?"

"पाय चांगले म्हणून मी वर. हात चांगला म्हणून तू खाली. कापड दे."

तिने दिलं. मग म्हणाली, "दवाखान्यातल्या पडद्याला पट्टी कुणी लावली?"

मी कडी अडकवली. दुसरी अडकवली. चुणी सरळ केली.

"असेल कुणी," मी म्हटलं. "जिची अक्कल खांद्यात आहे अशी."

मग शिडी हलायला लागली. धाकटी हसत होती, इतकी की शिडी तिच्या हातात थरथरत होती, आणि "अगं धर, धर नीट, मेले मी!" म्हणत मीही.

कोनमापीसाठी नोंद: आज खांदा कडी लावताना दुखला नाही. हसताना दुखला.

हे मात्र घरी चप्पल वाकून घेत नाहीत, पायाने ओढतात. कधीपासून, ते बघायला हवं. विचारलं तर म्हणाले, कोडं सुटत नाहीये.